गर्दीतला हसणारा

चिताऱ्याला मनाने चेहरा काढता येत नसे. ही गोष्ट त्याने पोटात ठेवली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण माणसाला आपल्या उणिवेचाही तोरा मिरवायची हौस असते, आणि आमच्या चिताऱ्याला ती अंमळ जास्तच होती. "समोर जिवंत माणूस बसल्याशिवाय मी भुवईची रेघसुद्धा ओढत नाही," असं तो येईल त्याला ऐकवायचा. "मनाने काढलेला चेहरा मेलेला दिसतो." ऐकणारा मान डोलवायचा. घरात त्याची बायको मात्र सरळ सांगून टाकायची, "जमत नाही म्हणून करत नाहीत. त्यात मिरवायचं काय?"

समोर असेल ते मात्र तो असं उतरवायचा की पळवाट ठेवायचा नाही. एकदा त्याने बाजाराचं चित्र काढलं, त्यात एक पाठमोरा माणूस होता. त्या माणसाच्या बायकोने मानेवरच्या चामखिळीवरून नवरा ओळखला आणि 'तुम्ही त्या दिवशी परगावी होतात ना?' म्हणून त्याची अशी खरडपट्टी काढली की महिनाभर तो शेजाऱ्याकडे जेवत होता. चितारी हा किस्सा रंगवून सांगायचा. आपली कला माणसाला अडकवू शकते, याचं त्याला तेव्हा हसू यायचं.

अशा चिताऱ्याला राजवाड्यावरून बोलावणं आलं. युवराजांना मुकुट घालण्याचा समारंभ मोठ्या चौकात होणार होता आणि महाराजांना त्याचं चित्र हवं होतं, दरबाराची आख्खी भिंत व्यापेल एवढं. महाराजांचा कारभारी त्याला भेटला. हा बारीक अंगाचा, हळू आवाजात बोलणारा माणूस होता. त्याचं बोलणं ऐकायला लोकांना पुढे वाकावं लागे, आणि एकदा वाकलं की सरळ होण्याचा धीर होत नसे.

"समारंभानंतर थोड्याच दिवसांत बाहेरचे पाहुणे यायचेत," कारभारी म्हणाला. "त्यांना चित्र दाखवायचंय. तेव्हा आत्ताच सुरुवात करा."

"पण साहेब, त्या दिवशी कोण कुठे उभं राहील, काय होईल, हे मला आत्ता कसं कळणार?"

"मी सांगतो ना. तुम्ही काढाल तसंच होईल."

चिताऱ्याला हे बोलणं गमतीचं वाटलं आणि तो हसला. कारभारी हसला नाही. तो चिताऱ्याच्या तोंडाकडे, ते मिटेपर्यंत, शांतपणे बघत राहिला.

राजवाड्यामागचं धान्याचं रिकामं कोठार कामाला मिळालं. उत्तरेच्या उंच खिडकीतून तिथे दिवसभर सारखा उजेड यायचा. चौकटीवर ताणलेलं कापड एवढं मोठं होतं की वरच्या कोपऱ्यासाठी मचाण बांधावं लागलं. जवसाच्या तेलाचा वास, जुन्या धान्याची धूळ आणि उंदरांची ये-जा यांत चितारी सुखात होता. मानकरी पाळीपाळीने येऊन बसत. सेनापती उंचीने बेताचे. ते आले की आधी मागच्या प्रधानांना चित्रात एक पायरी खाली उतरवायला सांगत. प्रधान आले की पुन्हा वर चढत. दोघांनाही चिताऱ्याने शेवटी एकाच पायरीवर उभं केलं आणि दोघांनाही सांगितलं की तुम्हीच उंच दिसताय.

मग एके दिवशी युवराज आले. कोवळा पोरगा, नखं कुरतडलेली, अंगात वजन नाही. सोबत कारभारी, आणि मखमली पेटीत आजोबांचा मुकुट. कारभाऱ्याने तो युवराजांच्या डोक्यावर ठेवला आणि हात काढला, तसा मुकुट घसरला तो थेट कानांवर येऊन बसला. दोन्ही कान बाहेर दुमडले. मुकुटाखालून दोन घाबरलेले डोळे तेवढे दिसत होते.

चिताऱ्याने गालाला आतून चावा घेतला. मग त्याने कुंचले पुसायची एक निळसर डाग पडलेली, पण धुतलेली चिंधी घेतली, तिची घडी केली आणि मुकुटाच्या आत कपाळाच्या बाजूला बसवली. आता मुकुट नीट राहिला. युवराज एकदम राजासारखे दिसायला लागले.

"बाबांना सांगू नका," युवराज हळूच म्हणाले.

कारभाऱ्याने उठून दार लावून घेतलं. "समारंभाच्या दिवशी ही चिंधी माझ्याकडे असेल," तो चिताऱ्याला म्हणाला. "मुकुट महाराजांच्या हातात देताना मी ती आत ठेवीन. बाकी जे झालं ते इथेच राहील."

'नाकापेक्षा मोती जड,' चितारी मनात म्हणाला, आणि आयुष्यात एकदाच एक चांगलं वाक्य त्याने मनातच ठेवलं.

मानकरी झाले, पायऱ्या झाल्या, आता खालची गर्दी राहिली. कारभाऱ्याची एकच अट होती: लोक आनंदात दिसले पाहिजेत. मनाने चेहरे येत नाहीत, तेव्हा चिताऱ्याने आपली गल्ली उचलून चित्रात नेली. न्हावी आला, धोबीण आली, बुरूड आला, त्याची सासू आली. पण 'आनंदात दिसा' म्हटलं की सगळे असे बसायचे जसे काही दाढ काढायला आलेत. ओठ ताणलेले, डोळे थिजलेले. चिताऱ्याने समोर होतं ते काढलं. करतो काय?

खरा हसला तो एकटा जावई. चिताऱ्याची एकुलती लेक गल्लीच्या टोकाला दिली होती, घड्याळजीला. खाली दुकान, वर बिऱ्हाड. हा घड्याळजी स्वतःच्या विनोदाला स्वतःच सगळ्यांच्या आधी हसणारा. बसल्या बसल्या सांगायला लागला, "मामा, काल एक म्हातारी आली. म्हणाली, माझं घड्याळ पुढे पळतं. मी म्हटलं, आजी, घड्याळ बरोबर आहे, तुम्हीच मागे राहिलात!" विनोद बेतास बात होता, पण सांगणारा असा फुटला की मान मागे गेली आणि सगळे दात उघडे पडले. पुढच्या दोन दातांतला एक दुसऱ्यावर चढलेला. त्या चढलेल्या दातामुळे त्या हसण्याला काय गोडवा होता!

"हसत राहा, जावईबापू, हलू नका," चितारी ओरडला आणि कुंचला घेऊन धावला.

दात रंगवणं हे चिताऱ्यांच्या धंद्यातलं सगळ्यांत अवघड काम. पांढरे काढले तर फुटक्या बशीचे तुकडे दिसतात, पिवळे काढले तर माणूस आजारी दिसतो. त्या दिवशी ते जमलं. एवढ्या मोठ्या कापडावर, सोन्यारुप्याच्या मानकऱ्यांपेक्षा, पहिल्या रांगेतला हा हसणारा माणूस जास्त जिवंत होता. बायको जेवण घेऊन आली, ती डबा हातात धरून बघतच राहिली.

"आलाय खरा छान," ती म्हणाली. "पण बाकी सगळे तोंड मिटून आणि हा एकटाच. दात तेवढे झाका हो. लोक म्हणतील, यांचा जावई सोहळ्यात फिदीफिदी करतो."

"हसतील त्याचे दात दिसतील," चितारी म्हणाला. "अगं, दातच तर जमलेत!"

शेवटी त्याने खालच्या कोपऱ्यात, खांबाच्या पायथ्याशी, स्वतःला काढलं. चित्रात आपण असावं, पण गप्प असावं, असं त्याला त्याच्या उस्तादांनी शिकवलं होतं. म्हणून हातात रंगांची फळी, नजर समोर, ओठ घट्ट. एवढा गंभीर तो उभ्या जन्मात कधी दिसला नव्हता.

समारंभाच्या दिवशी गावातल्या प्रत्येक पुरुषाने चौकात हजर राहायचं, असा हुकूम होता. सकाळपासून शिपाई दारं ठोठावत हिंडत होते. आणि नेमक्या त्याच दिवशी लेकीला कळा सुरू झाल्या. सुईण आली, बायको गेली, आणि जावई, ज्याने चौकात असायला हवं होतं, तो दुकानाला बाहेरून कुलूप लावून मागच्या जिन्याने वर जाऊन बायकोच्या उशाशी बसला. सासऱ्याला त्याने डोळ्यांनीच सांगितलं, आणि सासऱ्याने डोळ्यांनीच होकार दिला.

चिताऱ्याला एका खांबाच्या मागे उंच फळ्या बांधून दिल्या होत्या. तिथून त्याला सगळं दिसत होतं. तो कोणाला दिसत नव्हता. सेनापती आणि प्रधान एका पायरीवर उभे होते. गालिचा तोच, पताका त्याच. आपण काढलेलं चित्र कोणीतरी माणसं लावून पुन्हा मांडलंय असं त्याला वाटलं, आणि अभिमान वाटायच्या ऐवजी अंगावर काटा आला. खाली एवढी माणसं होती, पण कोणी खोकतही नव्हतं.

महाराजांनी मुकुट उचलला, युवराजांच्या डोक्यावर ठेवला, हात काढले. मुकुट घसरला आणि थेट कानांवर येऊन बसला.

सगळा चौक मुकुटाकडे बघत होता. चिताऱ्याने पाहिलं ते भलतंच. त्याने पाहिलं की कारभाऱ्याचा हात स्वतःच्या खिशाकडे गेला, तिथेच थबकला, आणि खिशातून चिंधीचं निळं टोक बाहेर आलं होतं. एवढा तालेवार माणूस, साऱ्या राज्याचा समारंभ नखाच्या टोकापर्यंत आखलेला, आणि चिंधी ठेवायलाच विसरला!

चितारी हसला. ठरवून नव्हे, शिंक यावी तसं ते आलं. अंगरख्याची बाही तोंडात कोंबेपर्यंत ते निसटून गेलं होतं. चौकाच्या चारी बाजूंना दगडी भिंती. त्या भिंतींनी ते हसू एकमेकींकडे फेकलं, आणि ते कुठून आलं हे कोणालाच कळलं नाही. जो तो दुसऱ्या बाजूला बघत होता. महाराज सावकाश वळले. त्यांनी रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली ती घरमालकाने आपल्या खोल्या मोजाव्यात तशी. मग कोणीतरी खूण केली आणि तुताऱ्या वाजल्या.

संध्याकाळी चिताऱ्याला नात झाली. तिला हातात घेतल्यावर त्याचे हात थरथरत होते, आणि सगळ्यांना वाटलं, आनंदाने.

दुसऱ्याच दिवशी तुतारीवाल्याला उचललं. तो त्या खांबाखाली उभा होता, एवढाच त्याचा गुन्हा. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हे. तो परत आला तेव्हा त्याचे पुढचे दात नव्हते. तुतारी त्याने भिंतीला टांगून ठेवली, वाजवणार कशाने? चितारी त्याला भेटायला गेला. सांगूनच टाकायचं असं ठरवून गेला होता.

"कोण हशलं कोण जाणे," तुतारीवाला बोबड्या आवाजात म्हणाला. "तुम्ही तर वर होतात. तुम्हाला दिशलं अशेल ना?"

चिताऱ्याने भिंतीवरच्या तुतारीकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला. घरी येताना त्याला स्वतःची एवढी लाज वाटली की तो भिंतीच्या कडेकडेने चालत आला.

मग जुन्या कचेरीत पुरुषांना बोलावणं सुरू झालं. एका खोलीत उभं करायचे आणि सांगायचे, हस. पडद्यामागे महाराज स्वतः बसलेले असायचे; त्यांनी ते हसू ऐकलं होतं आणि आपण ते ओळखू असं त्यांचं म्हणणं होतं. न्हावी जाऊन आला, बुरूड जाऊन आला. चितारीही जाऊन आला. आत गेल्यावर तो 'हा हा हा' असं म्हणाला, आणि ते त्याचं त्यालासुद्धा ओळखू आलं नाही. भीतीने हसलं की सगळ्या माणसांचं हसू सारखंच निघतं. शेवटी महाराजांनाही ते कळलं असावं. बोलावणं थांबलं.

गावातलं हसूही थांबलं. न्हाव्याच्या दुकानात नुसता कातरीचा आवाज यायचा. पोरं खिदळली की आया त्यांच्या तोंडावर हात दाबायच्या. एकटा घड्याळजी काय तो दुकानात बसून पोरीकडे बघून हसायचा, आणि लेक त्याला वरून दटावायची, "अहो, हळू!"

पाहुणे यायचा दिवस जवळ आला तसा कारभारी कोठारात आला. एकटाच आला आणि आल्या आल्या त्याने दार लावून घेतलं.

"महाराज परवा सकाळी चित्र बघणार आहेत," तो म्हणाला. "त्यांच्या मनात एक गोष्ट आली आहे. ते म्हणाले, चितारी वर उभा राहून सगळं बघत होता. तो खोटं काढत नाही. म्हणजे जो हसला तो चित्रात असणारच."

"पण साहेब, गर्दी तर मी समारंभाच्या कितीतरी आधी..."

"गर्दी नंतर काढली असं मी त्यांना सांगितलंय," कारभारी म्हणाला. "आधी काढली म्हटलं तर त्या दिवशी जे झालं ते आपण आधीच ठरवलं होतं असा अर्थ निघेल. मुकुटाचंसुद्धा."

तो चित्राजवळ गेला. पहिल्या रांगेवरून त्याची नजर सरकत गेली आणि थांबली. बराच वेळ तो त्या चढलेल्या दाताकडे बघत होता.

"झालं तर काम," तो म्हणाला. "हा कोण?"

"कोणी नाही. मनाने काढलाय."

कारभाऱ्याने मान वळवली. "चितारीबुवा, मनाने काढलेला चेहरा मेलेला दिसतो. तुम्हीच सांगितलंय मला, दोन-तीनदा. हा चांगला जिवंत आहे." मग, जणू सहज आठवल्यासारखं, "घड्याळजींना मुलगी झाली म्हणे. समारंभाच्याच दिवशी. चौकात आणि घरात एकदम कसे काय होते ते?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. जावई चौकात नव्हता म्हणावं तर हुकूम मोडला. होता म्हणावं तर तो हसला. दोन्ही वाटा दगडाच्या खाणीकडे जात होत्या, आणि खाणीत पाठवलेला माणूस परत आल्याचं गावात कोणी ऐकलं नव्हतं. चिताऱ्याला नात दिसली, लेक दिसली, तुतारीवाल्याचं बोळकं दिसलं.

"साहेब, मी हसलो," तो म्हणाला. "त्या दिवशी मी हसलो. चिंधी तुमच्या खिशात राहिली ती मी वरून पाहिली."

"कुठली चिंधी?"

"महाराजांना सांगेन मी."

"सांगा. मुकुट मोठा नव्हता, पोराचं डोकं लहान होतं, हे त्यांना तुमच्या तोंडून कळू दे. मग तुम्ही, मी, घड्याळजी, सगळे खाणीच्या एकाच गाडीत बसू." कारभाऱ्याचा आवाज चढला नाही. तो वाकला आणि त्याने खालच्या कोपऱ्यातल्या चिताऱ्यावर बोट ठेवलं. "हे तुम्ही. तोंड मिटलेलं. महाराज चित्र बघणार आहेत, तुमचं बोलणं ऐकणार नाहीत. चित्रात जो हसतोय तो हसला."

"मी याचं तोंड मिटवतो. सगळ्यांचीच मिटवतो."

"म्हणजे मग त्यांना हवा तो सापडणार नाही, आणि ते विचारतील, कोणाला लपवलंत? पुन्हा सगळं गाव कचेरीत." कारभारी दाराशी गेला. "त्यांना एक हसणारा हवाय. एकच. तो कोण, हे ठरवायला तुमच्याकडे उद्याचा दिवस आहे. परवा उजाडलं की गाडी येईल."

तो गेल्यावर चितारी मचाणाच्या पायाशी बसून राहिला. घरी जाऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती आधी त्याच्यावर तुटून पडली. "तरी म्हटलं होतं, दात झाका! तुम्हाला कौतुक ना स्वतःच्या हाताचं!" मग म्हणाली, "पळून जाऊ."

"मी पळालो की त्याला नेतील."

"तोही येईल."

"ओल्या बाळंतिणीला घेऊन? वेशीवर शिपाई आहेत गं."

ती गप्प झाली. भांडणारी बायको गप्प झाली की घर कसं होतं ते ज्याचं त्यालाच माहीत. सकाळी ती उठून लेकीकडे निघून गेली, आणि चितारी कोठारात आला.

जावयाचं तोंड मिटायला वेळ लागला नाही. जमलेले दात चाकूने खरवडताना हात जड झाला, पण खरवडले. वर ओठ आणले, न्हाव्याकडे पाहून काढले होते तसेच, ताणलेले. पहिल्या रांगेतला एकुलता जिवंत माणूस बाकीच्यांसारखा झाला. आता राहिला खालचा कोपरा, तिथला तो स्वतः. त्याने आरसा खुर्चीवर टेकवून ठेवला, समोर बसला आणि हसायला गेला.

हसू येईना. तोंड उघडलं, दात दाखवले. आरशात एक म्हातारा वैद्याला जीभ दाखवत होता. जावयाचा म्हातारीचा विनोद त्याने मोठ्याने म्हणून पाहिला. सेनापती आणि प्रधान आठवले. कारभाऱ्याचा खिसासुद्धा आठवला, आणि आता त्यात हसण्यासारखं काही सापडेना. मनाने काढावं म्हणून कुंचला उचलला, दोन रेघा ओढल्या, आणि कोपऱ्यात एक मढं तोंड उघडून बघायला लागलं. त्याने ते पुसलं. महाराजांना कळणार होतं. मेलेलं हसू कोणालाही कळतं. खिडकीतला उजेड भिंतीवरून सरकत होता, आणि तो गेला की रंग दिसणार नव्हते. चितारी रडायला लागला. आपल्याला एक हसू जमत नाही म्हणून पोरगी उघड्यावर पडणार, याचं त्याला रडू आलं.

दार वाजलं. बायको आत आली. तिच्या हातात घरातलं सगळ्यांत मोठं पातेलं होतं, लग्नापासूनचं, एका बाजूला चेपलेलं.

"जेवायचं नाहीये मला," तो म्हणाला.

"रिकामंच आहे," ती म्हणाली. डोळे सुजलेले होते, पण आवाज नेहमीचाच होता. "पोरीला काही बोलले नाही. जावयालाही नाही. तो वर बसून बाळाला घड्याळाची टिकटिक ऐकवतोय. म्हणतो, ही घड्याळ दुरुस्त करणार." तिने पदर खोचला. "बसा आरशासमोर. कुंचला घ्या."

"अगं, होत नाहीये माझ्याच्याने."

"गप्प बसा आणि बघा."

ती आरशाच्या मागे जाऊन उभी राहिली. ताठ, हनुवटी वर, सेनापती उभे राहत तशी. मग तिने दोन्ही हातांनी पातेलं उचललं, अत्यंत गंभीरपणे स्वतःच्या डोक्यावर ठेवलं, आणि हात काढले. पातेलं घसरलं आणि थेट कानांवर येऊन बसलं. दोन्ही कान बाहेर दुमडले. खालून दोन डोळे तेवढे दिसत होते, आणि ते त्याच्याकडे बघत होते.

"महाराजांचा विजय असो," पातेल्यातून घुमलेला आवाज आला.

चितारी फुटला. पोटातून, छातीतून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, त्या दिवशी चौकात हसला होता तसाच, तेच हसू. त्याने आरशात पाहिलं. ते तिथे होतं. त्याने कुंचला रंगात बुडवला आणि हात चालायला लागला. हसू ओसरायला लागलं की बायको पातेलं कपाळावर ओढून सोडून द्यायची आणि ते पुन्हा टणकन कानांवर यायचं. पातेल्याखाली तिचे गाल ओले झाले होते. त्याने तिकडे पाहिलं नाही. त्याने फक्त कान पाहिले.

"हसत राहा," ती म्हणाली. "हलू नका."

गाल झाले, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या झाल्या, मागे गेलेली मान झाली. खांबाच्या पायथ्याशी हातात फळी घेतलेला एक म्हातारा सगळ्या चौकात एकटाच हसू लागला. खिडकीतला उजेड आता वरच्या पताकांवर पोचला होता.

"मान भरून आली माझी," बायको म्हणाली. "अजून किती राहिलंय?"

"दात राहिलेत."

"मग घ्या करून," ती म्हणाली, आणि तिने पातेलं पुन्हा सरळ केलं.